आरबीएस१, आरबीएस२, आरबीएस३: तीन जीन की एकच? सोयाबीनच्या ब्राऊन स्टेम रॉट स्क्रीनिंगचं एक प्रकरण

सोयाबीनमध्ये ब्राऊन स्टेम रॉटला (थोडक्यात बीएसआर, खोडाचा गाभा तपकिरी करणारा बुरशीचा रोग) प्रतिकार करणारे तीन जीन नोंदलेले आहेत, आरबीएस१, आरबीएस२ आणि आरबीएस३. १९८८-८९ च्या सुमारास ही नावं पडली, तिन्ही प्रबळ, तिन्ही वेगळ्या मूळ लाईनमधून (म्हणजे वाणाच्या वंशातून) आलेले, आणि पुढे पंचवीसेक वर्षं ब्रीडिंगवाले हे तीन वेगळे जीन आहेत असं धरून चालले. मग २०१६ साली अमेरिकेतल्या इलिनॉयच्या रिंकर, हार्टमन आणि डायर्स या संशोधकांनी प्रतिकाराच्या पाच स्रोतांचं फाइन मॅपिंग केलं, म्हणजे जीन क्रोमोसोमवर नेमका कुठे बसतो ते बारकाईने शोधलं, आणि सगळ्यांचा प्रतिकार १६ व्या क्रोमोसोमवर एकाच छोट्याशा पट्टीत येऊन बसला. म्हणजे बहुधा जीन एकच, नावं तीन.

हे झालं कसं, हाच या प्रकरणाचा विषय आहे. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, गडबड जनुकशास्त्रात नव्हती, ती त्याच्या आधीच्या पायरीवर होती, खोड उभं चिरून वहीत "ससेप्टिबल" (रोगाला बळी पडणारं) किंवा "रेझिस्टंट" (प्रतिकारक) लिहितात ना, तिथे.

आधी रोग समजून घेऊ, कारण तो नीट कळल्याशिवाय पुढचा हिशोब पटणार नाही. हा रोग पहिल्यांदा १९४४ मध्ये इलिनॉयमध्ये दिसला आणि १९४८ मध्ये अ‍ॅलिंग्टन आणि चेंबरलेन यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. बुरशीचं नाव तेव्हापासून दोनदा बदललं, सेफॅलोस्पोरियम, मग फियालोफोरा, आता कॅडोफोरा ग्रेगाटा, त्यामुळे जुने-नवे पेपर शोधताना तिन्ही नावं टाकून बघावी लागतात. ही बुरशी जमिनीत पडलेल्या सोयाबीनच्या अवशेषांवर टिकते, रोप लहान असतानाच मुळातून आत शिरते आणि मग कितीतरी आठवडे काहीच दाखवत नाही. झाड वरून ठणठणीत. शेंगा धरून दाणे भरायला लागले की मग खोडाच्या आतला गाभा खालून वर तपकिरी होत जातो, आधी पेरांपाशी, नंतर मधल्या भागात, आणि बुरशीच्या काही प्रकारांत पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडून करपतो. नुकसान ३८ टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत.

आता यातल्या अडचणी बघा. बुरशी अतिशय हळू वाढते, आत गुपचूप राहण्याचा काळ कित्येक आठवड्यांचा आणि लक्षणं दाखवण्याचा काळही कित्येक आठवड्यांचा. हवा साधारण १५ ते २७ डिग्री असेल तर लक्षणं येतात, त्याच्या वर तापमान गेलं की पानांवरची लक्षणं दबतात, म्हणजे गरम वर्षी शेतात उभी असलेली ससेप्टिबल लाईन दिमाखात हिरवीगार दिसू शकते. जमिनीचा सामू ६.५ च्या खाली असला तर रोग वाढतो, त्यामुळे एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांत दोन वेगळे निकाल. सोयाबीन सिस्ट नेमाटोड (मुळांवर जगणारी सूक्ष्म कृमी) असेल तर आणखी गोंधळ, कारण नेमाटोडमुळे ब्राऊन स्टेम रॉट वाढतो आणि तो फक्त ससेप्टिबल वाणांत नाही तर प्रतिकारक वाणांतही वाढतो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. तेव्हा शेतात एखादी लाईन तपकिरी निघाली तर तिचा बीएसआरचा जीन कमकुवत आहे की मुळं नेमाटोडने पोखरलीत, हे खोड बघून कळत नाही.

पानांवर तर मी अजिबात विसंबणार नाही. सडन डेथ सिंड्रोम या सोयाबीनच्या दुसऱ्या रोगाची पानं आणि बीएसआरची पानं शेजारी ठेवली तर अनुभवी माणूससुद्धा चुकतो. फरक खोडात असतो, सडन डेथमध्ये गाभा पांढराच राहतो आणि बाहेरचा लाकडी भाग करडा-तपकिरी होतो, बीएसआरमध्ये गाभाच तपकिरी. म्हणून खोड चिरायचंच, आणि आडवं कापून भागत नाही, उभं चिरायचं, कारण सुरुवातीला फक्त पेरं तपकिरी असतात आणि मधलं पांढरं, आडवा काप नेमका मध्ये पडला तर झाड निरोगी म्हणून वहीत जातं.

त्यात बुरशीचे दोन प्रकार. ए प्रकार पानं आणि खोड दोन्हींवर लक्षणं देतो, बी प्रकार खोड आतून तपकिरी करतो पण पानांना फारसं काही करत नाही. हे दोन्ही वेगळे ओळखण्यासाठी रायबोसोमल डीएनएच्या एका भागातला लांबीचा फरक वापरतात, साध्या पीसीआरवर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढायची चाचणी) दोन वेगळ्या उंचीचे बँड येतात, काम सोपं आहे. आणि शेतातून गोळा केलेल्या नमुन्यांत असंही दिसलंय की दोन्ही प्रकार एकाच शेतात असले तरी वाणानुसार कुठला प्रकार जास्त सापडतो ते बदलतं. म्हणजे तुम्ही ए ने स्क्रीनिंग करून पानांवर स्कोअर दिला आणि दुसऱ्या कोणी बी ने करून खोडावर दिला तर दोघांचे तक्ते जुळतीलच असं नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील.

आता मूळ प्रकरणाकडे. प्रतिकाराचा पहिला चांगला स्रोत म्हणजे पीआय ८४९४६-२, १९६८ मध्ये चेंबरलेन आणि बर्नार्ड यांनी तो दाखवला. पीआय म्हणजे बाहेरून आणून अमेरिकेच्या बियाणे संग्रहात नंबर देऊन ठेवलेलं वाण. बीएसआर १०१ सारखे पुढचे प्रतिकारक वाण याच घराण्यातले. नंतर एल७८-४०९४ या लाईनमधल्या जीनला आरबीएस१ म्हटलं गेलं, पीआय ४३७८३३ मधल्याला आरबीएस२ आणि पीआय ४३७९७० मधल्याला आरबीएस३.

जीन वेगळे आहेत हे ठरवायची पद्धत सगळ्यांना माहीत असलेली, एक प्रतिकारक लाईन दुसऱ्या प्रतिकारक लाईनशी क्रॉस करायची आणि एफ२ मध्ये, म्हणजे क्रॉसनंतरच्या दुसऱ्या पिढीत, ससेप्टिबल झाडं निघतात का ते मोजायचं. दोन्हींत एकच जीन असेल तर एकही ससेप्टिबल झाड निघता कामा नये. दोन स्वतंत्र प्रबळ जीन असतील तर सोळातलं एक झाड दोन्ही जीन हरवून बसतं, म्हणजे १५ ला १. कागदावर एकदम स्वच्छ टेस्ट आहे.

पण १ भागिले १६ म्हणजे किती, सव्वासहा टक्के. इथेच सगळं अडकतं. समजा १६० झाडांची एफ२ आहे आणि दोन्ही आई-बापांत एकच जीन आहे, म्हणजे सगळी १६० झाडं खरोखर प्रतिकारक. पण बीएसआरचा प्रतिकार म्हणजे खोड पांढरंफटक असं नसतं, प्रतिकारक झाडातही बुरशी शिरते, थोडी वर चढते, बुडाशी थोडा तपकिरीपणा येतो. काही झाडांत तो जरा जास्त येतो, एखाद्याला मुळाला इजा झालेली, एखाद्याला दुसरीच बुरशी लागलेली, एखादं आधीच मरतुकडं. अशी शंभरात सहा झाडं जरी तुम्ही ससेप्टिबल म्हणून लिहिलीत तरी १६० मध्ये दहाएक झाडं होतात. आणि दोन स्वतंत्र जीन असतील तर अपेक्षित ससेप्टिबल झाडं किती? बरोब्बर १०. काय-स्क्वेअर (मोजलेले आकडे अपेक्षित गुणोत्तराशी जुळतात का ते बघायची चाचणी) तुम्हाला हसतमुखाने सांगणार की १५ ला १ एकदम फिट.

आता याच चुकीच्या दराने प्रतिकारक गुणिले ससेप्टिबल हा नेहमीचा क्रॉस करून बघा. १६० मध्ये १२० प्रतिकारक आणि ४० ससेप्टिबल अपेक्षित. १२० पैकी सव्वासहा टक्के म्हणजे साडेसात झाडं चुकून ससेप्टिबलमध्ये गेली, आणि ४० पैकी समजा १० टक्के झाडांना लागणच नीट झाली नाही म्हणून चार झाडं चुकून प्रतिकारकमध्ये आली. शेवटी वहीत साधारण ११६.५ आणि ४३.५. काय-स्क्वेअर काढला तर ०.४१ येतो, गुणोत्तर नाकारायची मर्यादा आहे ३.८४. म्हणजे ३ ला १ मस्त बसतं, एक प्रबळ जीन, कोणाला शंका येण्याचं कारणच नाही.

मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, की तीच टीम, तीच पद्धत, तोच चुकीचा दर, एका क्रॉसमध्ये चूक पूर्णपणे लपून जाते आणि दुसऱ्या क्रॉसमध्ये तीच चूक नवीन जीन जन्माला घालते. त्यामुळे "आमची पद्धत ३ ला १ बरोबर देते, म्हणजे पद्धत चांगली आहे" हा युक्तिवाद इथे चालत नाही. प्रतिकारक गुणिले प्रतिकारक क्रॉस ही फार नाजूक टेस्ट आहे, तिथे उत्तर शून्य की शून्यापेक्षा थोडं जास्त यावर सगळं अवलंबून असतं, आणि जैविक स्क्रीनिंगमध्ये शून्य कधी मिळतच नाही. १९८० च्या दशकातल्या प्रत्येक क्रॉसमध्ये नेमकं हेच झालं असं मी म्हणत नाही, तेव्हा मार्कर (क्रोमोसोमवरची जागा ओळखायच्या डीएनएच्या खुणा) आजच्यासारखे हाताशी नव्हते आणि उपलब्ध साधनांत त्यांनी जे केलं ते रीतसरच होतं. पण पुढचे पुरावे बघितले तर हे स्पष्टीकरण सगळ्यात सोपं पडतं.

पुढचे पुरावे म्हणजे मॅपिंग. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून मार्कर आले आणि एकेक करून आरबीएस१, २ आणि ३ तिन्ही "जे" (J) या अक्षराच्या लिंकेज ग्रुपवर म्हणजे १६ व्या क्रोमोसोमवर बसले, तेही एकाच मोठ्या भागात. खरं तर त्याच वेळी घंटी वाजायला हवी होती. कारण दोन जीन एकाच क्रोमोसोमवर जवळजवळ असतील तर १५ ला १ हे गुणोत्तर येऊच शकत नाही. एक जीन एका बापाकडून, दुसरा दुसऱ्याकडून, अशा वेळी दोन्ही हरवलेलं झाड मिळायला दोन्हीकडच्या गॅमेटमध्ये (प्रजनन पेशीत) त्या दोन जीनच्या मध्ये रिकॉम्बिनेशन, म्हणजे क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल, व्हावी लागते. रिकॉम्बिनेशन १० टक्के धरलं तर असा गॅमेट ५ टक्के, आणि असे दोन एकत्र यायची शक्यता ०.२५ टक्के, म्हणजे ४०० झाडांत एक. १६० झाडांच्या एफ२ मध्ये ते दिसणारसुद्धा नाही बहुतेक. तेव्हा एक तर जीन लांब आहेत आणि मॅपिंग चुकलंय, किंवा जीन जवळ आहेत आणि मोजणी चुकली आहे. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

यातून बाहेर काढलं ते फाइन मॅपिंगने, आणि ते कसं केलं हे बघण्यासारखं आहे. बेल हे वाण, पीआय ८४९४६-२, पीआय ४३७८३३, पीआय ४३७९७० वगैरे स्रोत ससेप्टिबल वाणांशी, म्हणजे कोलफॅक्स किंवा सेंच्युरी ८४ शी, क्रॉस केले. इथे त्यांनी आधी रोग बघितलाच नाही. एकूण ४८७८ झाडं फक्त मार्करवर तपासली आणि त्यातली अशी शोधली की ज्यांच्यात आरबीएसच्या आसपास रिकॉम्बिनेशन झालंय. त्या झाडांचं बी वेगवेगळं काढून ठेवलं, आणि मग ५२ रिकॉम्बिनंट झाडांच्या पुढच्या पिढीवर रूट-डिप पद्धतीने बुरशी लावून पानं आणि खोड दोन्ही बघितलं.

रूट-डिप म्हणजे रोप मातीतून काढायचं, मुळं धुवायची, बुरशीच्या स्पोरच्या द्रावणात बुडवायची आणि परत लावायचं. कष्टाचं काम आहे पण लागण सगळ्यांना सारखी होते आणि ती मुळातूनच होते, जशी शेतात होते. खोडाला सुई टोचून बुरशी सोडायची पद्धत पटकन होते, जीन एक्स्प्रेशनच्या कामाला ती बरीही पडते, कारण तिथे लागणीची नेमकी वेळ हवी असते. पण प्रतिकार जर मुळापाशी किंवा खोडाच्या बुडाशी बुरशी अडवण्यात असेल तर टोचून तुम्ही ते कुंपण ओलांडूनच आत गेलात.

पण खरी किमया पद्धतीत नाही, पुढची पिढी तपासण्यात आहे. एकट्या एफ२ झाडाचं खोड चिरलं की संपलं, चूक झाली तर दुरुस्तीची सोय नाही. तेच त्याच्या बियांपासून रोपं केली तर संपूर्ण कुटुंब बघायला मिळतं. झाड खरंच ससेप्टिबल असेल तर सगळीच रोपं तपकिरी होतील, चुकून तपकिरी लिहिलेलं असेल तर एखाददुसरं सोडून सगळी पांढरी निघतील. मिश्र झाडासाठी (जीनची एक प्रत प्रतिकाराची, एक ससेप्टिबल) किती रोपं लागतात तेही सोपं आहे, प्रत्येक रोप ससेप्टिबल असण्याची शक्यता पाव, म्हणजे एकही न सापडण्याची शक्यता म्हणजे ०.७५ चा रोपांच्या संख्येइतका घात, ११ रोपांना ती ४ टक्क्यांच्या आसपास येते आणि १६ रोपांना १ टक्का. दहाच्या खाली जाऊन "हे कुटुंब शुद्ध प्रतिकारक आहे" असं कोणी म्हणालं तर मी मान डोलावणार नाही.

निकाल असा की वेगवेगळ्या स्रोतांत प्रतिकाराची पट्टी ०.३४ ते ०.०४ मेगाबेस इतकी अरुंद झाली. ०.०४ मेगाबेस म्हणजे ४० हजार बेस, आणि सोयाबीनचा पूर्ण जीनोम १०० कोटींच्या वर बेसचा, २० क्रोमोसोमांत वाटलेला, यावरून अंदाज घ्या. सगळ्या स्रोतांच्या पट्ट्यांमध्ये बार्कसॉयएसएसआर_१६_१११४ आणि बार्कसॉयएसएसआर_१६_१११५ हे दोन मार्कर आलेच, म्हणजे सगळ्या पट्ट्या एकमेकांवर पडतात. लेखकांनी याला एकच लोकस (क्रोमोसोमवरची जागा) असल्याचा भक्कम पुरावा म्हटलंय, आणि लोकस हा शब्द मोजूनमापून वापरलाय हे लक्षात घ्या. कारण या भागात रिसेप्टरसारखी प्रथिनं बनवणाऱ्या जीनचे पुंजके आहेत, एकमेकांसारखे दिसणारे जीन शेजारी-शेजारी. त्यामुळे जागा एक असली तरी पीआय ४३७८३३ मध्ये पुंजक्यातला एक जीन काम करतो आणि पीआय ४३७९७० मध्ये शेजारचा, किंवा एकाच जीनची दोन रूपं, हे प्रश्न मॅपिंगने सुटत नाहीत. तिथे एकेक जीन शांत करून प्रतिकार जातो का हे बघावं लागतं, व्हायरसच्या साहाय्याने जीन सायलेन्सिंग करायची पद्धत सोयाबीनमध्ये त्यासाठी वापरली जाते.

ब्रीडिंगच्या टेबलावर या सगळ्याचा परिणाम अगदी रोखठोक आहे. आरबीएस१, २ आणि ३ एकाच वाणात गोळा करून तिप्पट टिकाऊ प्रतिकार मिळवू असा प्लॅन कोणी आखला असेल तर तो बाद, एका लोकसवर शुद्ध लाईनमध्ये एकच रूप राहतं, दुसरं आणलं की पहिलं जातं. सगळे प्रतिकारक वाण एकाच लोकसवर उभे असतील तर बुरशीच्या बाजूने बदल झाला की सगळ्यांचीच पंचाईत, आणि वर सांगितलेली वाणानुसार ए-बी प्रकार बदलण्याची गोष्ट इथे दुर्लक्ष करण्यासारखी नाही. त्यामुळे जर्मप्लाझ्ममध्ये (साठवलेल्या वाणांच्या संग्रहात) नवा स्रोत शोधायचा तर पहिला प्रश्न "प्रतिकारक आहे का" हा नसून "१६ व्या क्रोमोसोमबाहेरचा आहे का" हा असला पाहिजे.

असं स्क्रीनिंग आज लावायचं झालं तर मी मार्करने सुरुवात करेन. हजारो रोपांचं खोड चिरण्यापेक्षा पानाच्या तुकड्यातून किंवा बियाच्या कपचीतून डीएनए काढून १११४-१११५ च्या आसपास काय रूप आहे ते बघायचं. एक सावधगिरी मात्र हवी, मार्कर म्हणजे जीन नव्हे, एका स्रोतात जे रूप प्रतिकाराशी जोडलेलं आहे तेच रूप दुसऱ्या कुठल्या ससेप्टिबल वाणात योगायोगाने असू शकतं, म्हणून आपल्या क्रॉसचे आई-बाप आधी तपासून मगच तो वापरायचा. मार्करनुसार प्रतिकारक पण तपकिरी, आणि मार्करनुसार ससेप्टिबल पण पांढरी, अशी विसंगत कुटुंबं वेगळी काढायची आणि सगळा रूट-डिपचा वेळ त्यांच्यावर घालवायचा, कारण नवा लोकस असला तर तो याच ढिगात सापडेल आणि चुका असल्या तर त्याही इथेच.

रूट-डिपच्या प्रत्येक बॅचमध्ये किमान एक पक्का ससेप्टिबल आणि एक पक्का प्रतिकारक चेक (तुलनेसाठीचं वाण) हवाच, शिवाय पाण्यात बुडवलेली, बुरशी न लावलेली रोपं. ससेप्टिबल चेक नीट तपकिरी झाला नाही तर ती बॅच फेकायची, तिच्यातून "निदान प्रतिकारक तरी" निवडू असा मोह आवरायचा. तापमान २७ च्या खूप खाली ठेवायचं, साधारण २० डिग्रीच्या आसपास. स्कोअर देताना होय-नाही न लिहिता तपकिरी लांबी आणि झाडाची उंची दोन्ही सेंटीमीटरमध्ये लिहायची, टक्केवारी नंतर काढता येते, पण आधीच रेझिस्टंट-ससेप्टिबल लिहून टाकलं की मूळ माहिती कायमची गेली. स्कोअर देणाऱ्याला लाईनचं नाव किंवा मार्करचा निकाल माहीत नसावा. शेतात करत असाल तर चेक त्याच पक्वता गटातला घ्यायचा, कारण लवकर पिकणारी लाईन त्याच तारखेला रोगाच्या पुढच्या टप्प्यात असते आणि उशिराची अजून पांढरी, यात जीनचा काही संबंध नाही.

आणि शंका असेल तिथे बुरशीच मोजायची. खोडाचे तुकडे प्लेटवर ठेवून कॅडोफोरा वाढवता येते पण ती इतकी सावकाश की दुसऱ्या बुरश्या आधीच प्लेट व्यापून टाकतात, त्यामुळे क्यूपीसीआर (बुरशीचा डीएनए किती आहे ते मोजणारं पीसीआर) बरं. फक्त "सापडली" या एका शब्दावर प्रतिकारक लाईन बाद करायची नाही, ती प्रतिकारक झाडातही सापडतेच, किती उंचीपर्यंत आणि किती प्रमाणात हे चेकच्या शेजारी ठेवून बघायचं.